रिकाम्या पोटाचा नियम

मला पोटाचा अल्सर होता. होता म्हणते, कारण डॉक्टर म्हणतात आता घाव भरलाय, आणि मीही तिखट सोडून सगळं खाते. कॉलनीतल्या बायका अजून विचारायला येतात, बाई, तुम्हाला नक्की झालं काय होतं, आणि बरं कसं झालं? प्रत्येकीला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून काढते. औषधांची नावं देणार नाही, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. ज्या गोष्टी डॉक्टर सांगत नाहीत तेवढ्याच मी सांगणार आहे. सांगताना आवाज चढला तर चढू दे. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

दुखणं

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांपासून कॅथलिक. आमचे हे, सायमन, धरणाच्या कामावर फिटर म्हणून लागले आणि बिऱ्हाड कोयनानगरला आलं. पत्र्याच्या दोन खोल्या, आणि पाऊस असा की मिठाच्या बरणीत कायम पाणी. एकटे राहणारे कामगार उपाशी झोपतात हे बघून मी खानावळ काढली. सकाळी भाकरी-कालवण, संध्याकाळी भात-आमटी आणि माझ्या हातचा हिरव्या मिरचीचा खरडा. त्या खरड्यासाठी माणसं दुसऱ्या खानावळी सोडून माझ्या दारात यायची. एवढ्या माणसांची पोटं भरणाऱ्या बाईच्याच पोटाला भोक पडावं, म्हणजे काय म्हणावं!

बाईचं दुखणं घरात कुणी लवकर खरं मानत नाही, हे आधी लक्षात ठेवा. "पित्त झालं आसंल," हे म्हणायचे. शेजारीण म्हणायची, आलं खा. दुखायचं ते बेंबीच्या वर, आतून कुणी निखारा लावल्यासारखं, आणि दुखायचं ते पोट रिकामं झालं की. दोन घास पोटात गेले की थांबायचं. म्हणून चुलीपुढे बसल्या बसल्या मी भाकरीचा तुकडा मोडत राहायची. माझी थोरली लूसी हसायची, "आई, गिऱ्हाइकाच्या आधी तुझीच पंगत."

खरी परीक्षा असायची मिस्सेच्या रविवारी. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मिस्सा म्हणजे आमची उपासना, तिच्यात फादर पातळ पांढऱ्या भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवतात, त्याला आम्ही कम्युनियन म्हणतो. तो नुसता प्रसाद नाही, तो प्रत्यक्ष ख्रिस्त, अशी आमची श्रद्धा. आणि तो घ्यायचा तर आदल्या रात्री बारापासून पोटात काही जाता कामा नये. पाण्याचा घोटही नाही. लहानपणी मला असंच शिकवलं होतं आणि कोयनेतही पावलस मास्तर तेच सांगायचे.

हे पावलस मास्तर शाळेत शिकवायचे, आणि आमच्या मूठभर ख्रिस्ती घरांचे धर्मशिक्षकही तेच. फादर महिन्यातून एका रविवारी कोल्हापूरकडून एसटीनं यायचे. बाकी सगळे दिवस मास्तरांचे. जपमाळ तेच सांगणार, मुलांना प्रश्नोत्तरं तेच शिकवणार, कुणाकडे आजारी आहे, कुणाला फादर हवेत, सगळं मास्तरांच्या कानावर घालायचं आणि मास्तरांनी फादरना सांगायचं. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून कुणाच्याही मयताला खड्डा खणायला जायचा. एवढं चांगलं सांगून झालं, आता पुढचं सांगते.

फादरांची बस घाटात कधी रखडेल याचा नेम नसायचा. सकाळची मिस्सा दुपारवर जायची. कामगारांच्या क्लबातल्या खोलीत आम्ही सगळे रिकाम्या पोटी जपमाळ म्हणत बसायचो. पोरं मलूल होऊन आयांच्या मांडीवर पडलेली, आणि मी पोटावर मूठ दाबून बसलेली. एकदा मास्तरांनी पाहिलं. म्हणाले, "आग्नेसबाई, दुखणं देवाला वाहा. देव भुकेल्या पोटीच भेटतो."

मी वाहिलं. मूर्ख नव्हते मी, पण मोठ्या माणसानं सांगितलेलं खरं मानायची सवय होती.

पांढरं पाणी

एकदा खानावळीत वाढता वाढता घेरी आली, तेव्हा कुठे यांचं 'पित्त' संपलं. कराडपर्यंत एसटी आणि तिथून आगगाडी करून सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि बोटानं एक ठिपका दाखवला. मला काही दिसलं नाही. मला फक्त डॉक्टरांचं तोंड दिसत होतं, आणि ते हसत नव्हतं.

"आतड्याच्या तोंडाशी घाव आहे. उपासतापास करता का?"

"छ्या, आमी ख्रिश्चन. आमच्यात कुटलं आलंय उपासतापास," हे म्हणाले.

मी म्हटलं, "महिन्यातून एक असतो, डॉक्टर. देवाचा."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "हे पोट रिकामं ठेवायचं नाही. दर दोन तासांनी दूध. एकदाही चुकवायचं नाही, देवासाठीसुद्धा नाही. घाव फुटला तर बाई, हातात काही राहणार नाही."

परतीच्या गाडीत हे फोटोचं पाकीट मांडीवर धरून बसले होते. मी खिडकीतून उसाचे फड बघत होते आणि मनात एकच: लूसीचं लग्न व्हायचंय, धाकटा अजून शाळेत, आणि मी मेले तर यांना मीठ कुठल्या बरणीत आहे तेही ठाऊक नाही. मरणाची भीती अशीच येते बघा, मिठाच्या बरणीसारखी. कराडला उतरल्यावर हे कुठे गेले म्हणून बघते तर पेला भरून गरम दूध घेऊन येत होते. बसस्टँडवर सगळ्यांसमोर माझ्यापुढे उभे राहिले. "पी. सगळं पी." लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला पाण्याचा तांब्या कधी दिला नव्हता. मी रडत रडत प्याले.

बाकावर

घरी आल्यावर मी पहिल्यांदा मास्तरांकडे गेले. म्हटलं, डॉक्टर असं म्हणतात, आता कम्युनियनचं काय करू?

"मग बरं वाटेपर्यंत घेऊ नका," मास्तर म्हणाले. "तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय? नियम नियम असतो. एकाला सोडला की सगळ्यांना सोडावा लागतो."

झालं. फादर यायचे, घंटा वाजायची, सगळे ओळीनं पुढे जायचे आणि मी बाकावर. आमच्यात बाकावर बसून राहणाऱ्याकडे लोक कसं बघतात ते आमच्यातल्यांनाच ठाऊक. काहीतरी मोठं पाप केल्याशिवाय कुणी बसत नाही! बायका माझ्याकडे बघून पदर सारखे करायच्या. एकीनं लूसीला विचारलं, "तुझ्या आईचं काय बिनसलंय गं?" माझ्या पोटात घाव होता आणि ह्या बायकांनी माझ्या चारित्र्याला भोक पाडलं.

पोटाची भूक मी चांगली ओळखते, तो माझा धंदा आहे. भुकेला माणूस दारात उभा राहिला की त्याच्या चालण्यावरून मी सांगते, सकाळपासून खाल्लंय की नाही. पण ही दुसरी भूक मला ओळखू येईना. ती कळ काढत नाही, आवाज करत नाही. आधी माझं गुणगुणणं बंद झालं. भाकरी थापताना मी देवाशी बोलायची, मोठ्यानं नाही, असंच, की बाबा, आज पीठ पुरू दे, आज यांचा पगार होऊ दे. ते बंद झालं. मग वाढताना हात आखडायला लागला. गिऱ्हाइकानं आमटी मागितली की राग यायचा, ह्याला किती लागते म्हणून. लूसीच्या अंगावर मी कारण नसताना ओरडायची. दोन-दोन तासांनी दूध पिऊन अंगावर मांस चढत होतं, आणि मी आतून वाळत होते.

एका दुपारी हे म्हणाले, "तुला झालंय तरी काय? आता तर दुखत न्हाई न्हवं?"

"मला कम्युनियन पायजे," मी म्हटलं.

"दूध सोडायचं न्हाई, सांगून ठेवतो. देव काय पळून चाललाय व्हय? आनी तुजा देव येवढा कडक आसंल तर मलाच त्याच्याशी बोलाय पायजे."

मी चिडून उठले. आता वाटतं, त्या घरात त्या दिवशी धर्माचं खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

ईस्टर

वर्षातून निदान ईस्टरला तरी कम्युनियन घेतलीच पाहिजे, असा आम्हाला दंडक. मी ठरवलं, एक दिवस. एका दिवसानं काय होतं? यांना सांगितलं नाही. सकाळी दुधाचा पेला हातात घेतला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला.

बस आलीच नाही वेळेवर. घाटात बंद पडली होती म्हणे. आम्ही बसून राहिलो. निखारा पेटला, मग भडकला, मग एकाएकी शांत झाला. मला वाटलं, देवानं ऐकलं! त्या शांततेला फसू नका, एवढं मात्र सांगते. ती बरी नसते.

फादर आले, मिस्सा सुरू झाली. तेव्हा सगळं लॅटिनमध्ये, आम्हाला फक्त घंटा कळायची. घंटा वाजली. मी उठले, ओळीत लागले. माझ्यापुढे दोन माणसं होती. घशाशी काहीतरी आलं आणि मी तिथेच बसले. चहाच्या चोथ्यासारखं काळं रक्त. कुणीतरी किंचाळलं, बहुतेक लूसी. मग फादरांचा चेहरा अगदी जवळ, मरणाऱ्याला लावतात ते तेलाचं बोट माझ्या कपाळाला, आणि हे जीपवाल्याच्या नावानं ओरडत होते. ना दूध मिळालं, ना कम्युनियन.

शेजारची खाट

जीव वाचला. यांचं रक्त मला चढवलं. नाकातून नळी घातली आणि तिच्यातून दूध थेंब थेंब आत. हातानं घास भरवणारी मी, आणि आता माझं जेवण बाटलीत टांगलेलं. पहिले दिवस फक्त छत दिसायचं आणि फिनेलचा वास यायचा. पहाटे आया चादर ओढायची, मग नर्स काखेत ताप बघायची काच खोचायची, मग डॉक्टर, मग परत छत. भीती सगळ्यात जास्त कधी वाटायची सांगू? डॉक्टर काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले की.

शेजारच्या खाटेवर फातिमाबी होती, कडेगावची. नवरा गाद्या पिंजायचा. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, पण तोंडाचं काही झालं नव्हतं. सगळ्या वॉर्डाची बित्तंबातमी तिच्याकडे. मला बोलता येत नव्हतं तेव्हा ती माझ्या वाटचं बोलायची. "ए शिस्टर, ह्या बाईची बाटली संपली की! बघतीस का आसंच?" तिच्यामुळे माझी बाटली कधी कोरडी राहिली नाही. देव कुणाकडून काम करून घेईल सांगता येत नाही.

एक दिवस पावलस मास्तर मोसंबी घेऊन आले. नाकात नळी असलेल्या बाईला मोसंबी! खाटेशी बसले, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "आग्नेसबाई, कॉलनीत सगळ्यांना मी तुमचंच उदाहरण देतो. रक्त सांडलं पण बाईनं नियम मोडला नाही. अशी श्रद्धा पाहिजे. मुलांना सांगितलं, ही आपल्यातली हुतात्मा."

त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतके महिने बाकावर बसलेली मी, आणि आता हुतात्मा.

ते गेल्यावर फातिमाबी कुशीवर वळली. "कसला नियम गं?"

मी नाकातल्या नळीसकट अडखळत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात तीस रोजे आसत्यात. पर आजारी मानसाला रोजा माफ. गरवार बाईला माफ, परवासाला निगाल्याला माफ. बरं वाटल्यावर धर म्हनं. तुमचा देव आमच्यापरीस कडक हाय व्हय?"

मला रागच आला तिचा. मोठी आली मला धर्म शिकवायला! पण ती घोरायला लागल्यावरही तो प्रश्न माझ्या उशाशी बसून होता. आजारी पोराला उपाशी ठेवणारी आई मी अजून पाहिली नाही. मग आम्ही देवाला बाप म्हणतो ते काय म्हणून?

फादर

फादर दवाखान्यात आले ते नळी काढल्यावर. वसईकडचे, मराठी चांगलं बोलायचे. म्हणाले, कम्युनियन आणलीय.

मी म्हटलं, "फादर, मी आत्ता दूध प्यालेय."

"मग?"

"मग कशी घेऊ?"

त्यांना समजेचना. मी सगळं सांगितलं. बारा वाजल्यापासूनचा उपास, पाणीसुद्धा नाही, बाकावरचे महिने, ईस्टरचा पेला मोरीत. सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आग्नेसबाई, पाण्याचा नियम कधीच उठला. बारा वाजल्यापासूनचाही गेला. धडधाकट माणसानं मिस्सेआधी तीन तास जेवू नये, एवढंच राहिलंय. आणि आजारी माणसानं दूध, पेज, औषध केव्हाही घ्यावं. अगदी कम्युनियनच्या तोंडावरसुद्धा. रोमहून आदेश येऊन वर्षं झाली. मी मास्तरांना सांगितलं होतं, कॉलनीत सगळ्यांना सांगा म्हणून."

वर्षं झाली! मी उठून बसले, टाके असते तर तुटले असते. "तुम्ही का नाही सांगितलं, फादर? तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

फातिमाबी दचकून जागी झाली. फादरांशी असं बोलायची आमच्यात रीत नाही. ते म्हणाले, बसची घाई असते, मिस्सा, सगळ्यांच्या पापांची कबुली ऐकणं, एका दिवसात सगळं उरकायचं, मास्तरांवर विसंबून होतो. मी म्हटलं, "तुमची बस चुकली असती तर दुसरी मिळाली असती. माझं आतडं फुटलं."

 ते म्हणाले, "माझी चूक आहे, बाई." आणि मला कम्युनियन दिली. दूध पिऊन दहा मिनिटं झाली असतील. जिभेवर दुधाची साय तशीच होती. आकाश कोसळलं नाही. मी तोंडावर पदर घेतला आणि इतक्या महिन्यांनी देवाशी बोलले, आणि पहिलं वाक्य चांगलं नव्हतं. पहिलं वाक्य होतं, "तुला तरी सांगता येत नव्हतं?" पण बोलणं सुरू झालं.

मास्तर

घरी आले तेव्हा लूसी खानावळ चालवत होती आणि हे मसाला वाटत होते, अर्धा पाट्याबाहेर. बघून पोट भरलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावून घेतलं. हे म्हणाले, मी बोलतो. मी म्हटलं, तुम्ही बसा, पोट माझं आहे.

"मास्तर, फादरनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "सांगितलं होतं."

"मग?"

"तुम्हाला ठाऊक आहे लोक आपल्याला काय म्हणतात?" मास्तर म्हणाले. "दुष्काळात पोटासाठी बाटले. मिशनच्या पिठासाठी, दुधाच्या पावडरीसाठी ख्रिस्ती झाले. शाळेत दुसरे मास्तर माझ्या तोंडावर म्हणतात. मी ठरवलं, आपली माणसं उपाशी राहून देवाकडे जातात हे दिसलं पाहिजे. सवलत दिली की लोक म्हणणार, बघा, ह्यांना देवाच्या आधी दूध लागतं."

 हे मीही ऐकलेलं आहे. आमच्या समाजात ज्यानं ऐकलं नाही असा माणूस नाही. पाणवठ्यावर ऐकलंय, शाळेत ऐकलंय, पोरीच्या सोयरिकीत ऐकलंय.

मग मी म्हटलं, "हो, झाला माझा आजोबा पोटासाठी ख्रिस्ती! दुष्काळात गावानं त्याला विहिरीवर चढू दिलं नाही, आणि एका परक्या माणसानं त्याच्या पोराच्या तोंडात पेज घातली. आजोबानं विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून घालतोस? त्यानं देवाचं नाव सांगितलं. ह्यात लाज कसली? आधी जेवू घालणारा देव मला समजतो, मास्तर. भुकेल्याला दारात ताटकळत ठेवून त्याची परीक्षा बघणारा देव तुमचा असेल, माझा नाही. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही आम्हाला उपाशी मारलंत. माझं रक्त सांडलं ते देवासाठी नव्हे, तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांसाठी!"

मास्तर उठून गेले. चहा तसाच राहिला. हे म्हणाले, "लय बोललीस." मग जरा वेळानं म्हणाले, "पर ब्येस बोललीस."

तुम्हाला एवढंच सांगते. घरात कुणी आजारी असेल तर मधल्या माणसाकडून देवाचा निरोप घेऊ नका. फादरना गाठा, बस सुटत असेल तर बसमध्ये चढा. आणि कुणी तुमच्या दुखण्याचं कौतुक करायला लागलं की सावध व्हा. दुखण्याचं कौतुक करणारा ते थांबवायला येत नाही.

रविवार

पुढच्या मिस्सेच्या रविवारी मी फादरना बसमधून उतरतानाच धरलं. म्हटलं, आज तुम्ही स्वतः सांगायचं. मराठीत, सगळ्यांसमोर. नाहीतर मी उभी राहून सांगेन, आणि माझी भाषा तुम्हाला ठाऊक झालीय. ते म्हणाले, "सांगतो."

क्लबाच्या पायरीवर बसून मी पेलाभर दूध प्याले. सगळे आत जाताना बघत होते. लपवून प्यायची माझी तयारी नव्हती.

प्रवचनाच्या वेळी फादरनी सांगितलं. पाण्याचं, तीन तासांचं, आजाऱ्याचं. खोलीत चुळबुळ सुरू झाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मास्तर वेदीशेजारी खाली मान घालून उभे. मग फादर म्हणाले, "आणि जो मरणाच्या दारात आहे त्याला तर कसलाच उपवास नाही. कधीच नव्हता. आमच्या आजोबांच्या वेळेलाही नव्हता."

मागच्या बाकावरून बार्तोबा उठला. बोगद्यात ड्रिल चालवणारा, तिशीतला, कधी कुणाशी दोन शब्द न बोलणारा माणूस. त्याची आई गेल्या पावसाळ्यात वारली होती, आम्ही सगळे मातीला गेलो होतो. प्रवचनात मधे कुणी बोलत नाही. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"फादर, मरनाऱ्याला न्हाई म्हंता? कवाच न्हाई?"

"नाही, बार्तोबा."

"माजी आई गेली त्या दिवशी तुमी हितंच हुता. ह्याच खोलीत. ती कम्युनियन मागत हुती. मी मास्तरांकडं पळत आलो. त्यांनी इचारलं, काय पाजलंय का तिला? म्या म्हनलं, पेज पाजलीया दोन चमचं. मास्तर म्हनले, मग न्हाई जमायचं."

फादरांचा चेहरा पांढरा पडला. ते मास्तरांकडे वळले. 

"मला कुणी बोलावलं नाही, बार्तोबा. मी आलो असतो. धावत आलो असतो."

"व्हय," बार्तोबा म्हणाला. "मीच माघारी जाऊन तिला सांगितलं, आये, तू पेज प्यालीस, आता मिळायचं न्हाई. मग तिनं पुन्ना मागितलं न्हाई." आणि तो खाली बसला.

मिस्सा पुढे चालू झाली. दुसरं काय होणार होतं? घंटा वाजली. मी पुढे गेले, गुडघे टेकले. कम्युनियनचा कण खाली सांडू नये म्हणून हनुवटीखाली ताटली धरायचं काम मास्तरांचं. त्यांनी ती माझ्या हनुवटीखाली धरली. ती सारखी माझ्या गळ्याला लागत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दया आली असती, आणि त्या दिवशी मला ती येऊ द्यायची नव्हती.

परत वळले तर सगळी खोली ओळीत उभी होती. इतकी वर्षं पाण्याला घाबरलेली माणसं. बाकावर फक्त बार्तोबा. मी त्याच्याजवळ गेले, खांद्याला हात लावला.

"ऊठ, बाबा. जा पुढं."

त्यानं मान हलवली. डोळे कोरडे होते.

"न्हाई वैनी. म्हातारी उपाशी गेली."